घोडीचे कान

मार्गशीर्षाचा वद्य पक्ष जवळ आला की आमच्या चाकूरवरून जाणाऱ्या लातूर-नांदेड रस्त्यावरची गर्दी थोडी बदलते. एरवी उसाच्या ट्रॉल्या, सोयाबीनचे ट्रक आणि एसट्या. या दिवसांत त्यांच्या मधूनच एखादा टेम्पो जातो आणि मागच्या फळीवरून घोड्याचं तोंड बाहेर आलेलं दिसतं. फळीला जुनी गोधडी नाहीतर पोतं गुंडाळलेलं असतं, जनावराची छाती घासू नये म्हणून. मालक ड्रायव्हरशेजारी आणि मागे घोड्यांच्या पायांत, कडब्याच्या पेंढ्यांवर, अंगाभोवती शाल लपेटून बसलेली दोन-चार पोरं. शिरूर ताजबंद, अहमदपूर ओलांडून ही सगळी मंडळी लोहा तालुक्यातल्या माळेगावला निघालेली असतात, खंडोबाच्या यात्रेला.

पूर्वी जनावरं चालत जात. आता चालत जाणारं जनावर क्वचितच दिसतं, म्हणून तो मुलगा माझ्या लक्षात राहिला असेल. बारा-तेरा वर्षांचा. डांबरी सोडून कडेच्या मातीवरून तो एका लालसर तट्टाणीवर बसून चालला होता. खोगीर नव्हतं, चौघडी करून टाकलेलं कांबळं होतं. रिकीब नसल्यामुळे पाय मोकळे लोंबत होते. पुढे थोड्या अंतरावर एक म्हातारा दुसरं जनावर हाताला धरून पायी चालला होता. मागून उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या जोडलेला, वर मोठ्या आवाजात गाणं लावलेला. घोडीचे दोन्ही कान मागे वळले. मान वर गेली, पाठ ताठ झाली आणि तिने पाय आडवे टाकायला सुरुवात केली. मुलगा जरासा पुढे वाकला. लगाम ओढला नाही, उलट हात थोडे सैल सोडले आणि तिच्या मानेवर, आयाळीच्या खाली, तळहात ठेवून काहीतरी बोलत राहिला. काय बोलला ते ट्रॅक्टरच्या आवाजात मला ऐकू येणं शक्यच नव्हतं. ट्रॅक्टर गेला. कान पुढे आले, आधी एक, मग दुसरा. पुढे चाललेल्या म्हाताऱ्याने या सगळ्या वेळात एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या न पाहण्याबद्दल मी नंतर पुष्कळ विचार केला आहे. घोडी बिथरते आहे हे त्याला कळलं नसेल असं होणार नाही. घोड्यांमध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला टापांच्या आवाजातला फरक पाठीनेही ऐकू येतो. तरी तो वळला नाही. वळला असता तर मुलाने त्याच्याकडे पाहिलं असतं, आणि मुलाची नजर घोडीवरून सुटली असती. धीर देण्याची ही एक फार अवघड पद्धत आहे. आपल्याला ती सहसा जमत नाही. आपण लेकरांच्या मागे ‘सांभाळ, सांभाळ’ म्हणत धावतो, आणि त्या ओरडण्यातून आपल्या पोटातली भीती त्यांच्या पोटात जाते.

माळेगावची यात्रा मी लहानपणापासून पाहत आलो आहे. भंडाऱ्याने पिवळे झालेले कपाळ, येळकोटाचा गजर, वाघ्या-मुरळी, कुस्त्या, तमाशाचे तंबू, हे सगळं आहेच. पण माझे पाय वळतात ते जनावरांच्या बाजाराकडे. गाढवं, उंट, आपल्या भागातली लाल कंधारी आणि देवणी गुरं, आणि घोडे. मारवाडी घोडे, ज्यांच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. काठेवाडी. गुलाबी कातडीचे, दुधासारखे पांढरे नुकरे. आणि त्यांच्या आसपास कुठेतरी, फारसं कुणी न विचारणारी, आपली साधी तट्टं. खंडोबा स्वतः घोड्यावरचा देव असल्यामुळे असेल, इथे घोड्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत थोडी भक्तीही मिसळलेली असते. गिऱ्हाईक आधी दात पाहतं, मग खूर, मग अंगावरचे भोवरे. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलं तर पंचकल्याणी म्हणून भाव चढतो. सौदा उपरण्याखाली, बोटांवर होतो. वर चेहरे अगदी निर्विकार.

या बाजारात मुलांचा दिवस पहाटे सुरू होतो. थंडीने बोटं आखडलेली असतात. आगाडी-पिछाडी सोडायची, पाण्यावर न्यायचं, खरारा करायचा, खूर उचलून त्यातली माती काढायची, चंदीचा तोबरा तोंडाला बांधायचा. खूर उचलणं हे मला या सगळ्यात मोठं काम वाटतं. एवढं जड जनावर आपला एक पाय एका पोराच्या मांडीवर देतं आणि तीन पायांवर उभं राहतं. पळून जगणाऱ्या प्राण्याने पाय दुसऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय, हे त्या पोराला शब्दांत सांगता येणार नाही. त्याच्या मांडीला मात्र ते कळतं. पाठीवर बसण्याच्या कितीतरी आधी, असं जमिनीवर, शेणामुतात, त्याचं आणि जनावराचं काहीतरी ठरून गेलेलं असतं. घोडेस्वारी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भरधाव दौड येते. मुलांचा धीर घडतो तो या पहाटेच्या कामांत, असं मला खात्रीने वाटतं.

मग गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, चाल दाखवा. तोपर्यंत सोपं असलेलं सगळं एकदम अवघड होऊन बसतं.

एका वर्षी अशीच चाल दाखवायला उभी केलेली एक मुलगी मी पाहिली. मुली तिथे घोड्यावर कमीच दिसतात. ही दहा-अकरा वर्षांची असेल, डोक्याला मफलर गुंडाळलेला. तिला रोजच्या घोडीवर बसवलं नव्हतं. आदल्याच दिवशी घेतलेलं एक करड्या रंगाचं तट्टू होतं, आणि त्याची खोड अजून कुणालाच ठाऊक नव्हती. भोवती माणसांचं कडं. पलीकडे पाळण्यांचे भोंगे. ती चढली, तट्टू दोन पावलं मागे सरलं, आणि तिचा चेहरा उतरला. शेजारून कुणीतरी चाबूक पुढे केला. तिच्या आजोबांनी तो हातानेच बाजूला सारला आणि तिला म्हणाले, “भिऊलालीस तर भी. पण त्याच्याशी बोलत भी.”

हे वाक्य मी अनेकांना सांगितलं आहे. भिऊ नकोस असं सगळे म्हणतात. भी, पण बोलत भी, असं म्हणणारा माणूस मला दुसरा भेटला नाही. मुलगी तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागली. बोलायचं म्हणजे श्वास सोडावा लागतो. श्वास सुटला की खांदे खाली येतात, मांड्यांची पकड ढिली होते, आणि पाठीवरचं ओझं एकाएकी बदलतं, हे तट्टाला समजतं. करडं तट्टू आधी चाललं, मग दुडकीवर आलं. कड्याच्या टोकाला एक पोरगा फुगा घेऊन उभा होता, तिथे ते पुन्हा अडलं. तिने त्याला वळवलं, दुसऱ्या बाजूने आणलं, फुग्यापासून जरा लांबून काढलं. सौदा झाला की नाही ते पाहायला मी थांबलो नाही. मला पाहायचं होतं ते पाहून झालं होतं.

घोड्याला भ्याडपणाचा दोष देणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला जवळजवळ सगळं वर्तुळ दिसतं. फक्त कपाळाच्या अगदी पुढे आणि शेपटीच्या मागे थोडी अंधारी जागा. अंगावर माशी बसली तरी तेवढीच कातडी थरथरते. एवढं दिसणारं आणि एवढं जाणवणारं जनावर घाबरणारच. ते जगलं आहे ते या घाबरण्यावरच. मग अशा प्राण्याच्या पाठीवर बसलेल्या लेकराची भीती त्याला कळल्याशिवाय कशी राहील?

स्वीडनमधल्या संशोधकांनी हे एकदा तपासलं होतं. 2009 साली प्रसिद्ध झालेला लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा तो प्रयोग मला फार आवडतो, कारण त्यात एक छत्री आहे आणि ती उघडतच नाही. माणसांनी घोड्याला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायचं, कुणी पाठीवर बसून, कुणी हाताला धरून. अशा काही फेऱ्या झाल्यावर त्यांना सांगितलं गेलं की या वेळी तुम्ही जवळून जाताना एकजण छत्री उघडणार आहे. छत्री काही उघडली नाही. पण नुसत्या त्या विचाराने माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याच्याबरोबर घोड्याचेही वाढले. घोड्याला छत्रीबद्दल कुणी काही सांगितलं नव्हतं. माळेगावच्या त्या आजोबांना हा प्रयोग माहीत असायचं कारण नाही, आणि त्यांना त्याची गरजही नव्हती.

ग्रीसमध्ये झेनोफोन नावाचा एक सेनानी आणि लेखक इसवीसनपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक पुस्तक लिहून गेला. त्यात त्याने म्हटलं आहे की रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये. घोडा एखाद्या वस्तूला बुजत असेल तर त्याला मारून तिच्याकडे ढकलू नये, कारण मग त्या वस्तूच्या भीतीत माराची भीतीही मिसळते. आपण स्वतः जाऊन त्या वस्तूला हात लावावा आणि घोड्याला हळूहळू तिच्याजवळ आणावं. हे वाचताना मला त्याच्या काळातली युद्धं आठवत नाहीत, नावंही नाहीत. एक माणूस एखाद्या झुडपाला किंवा दगडाला हात लावून उभा आहे आणि मागे वळून घोड्याला दाखवतो आहे, हेच दिसतं. आपल्याकडे शालिहोत्राच्या नावाने अश्वशास्त्राची मोठी परंपरा आहे, नकुलाच्या नावावरही ग्रंथ आहे. पण बाजारातल्या म्हाताऱ्यांकडे जे आहे ते बहुतेक एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे आलेलं आहे.

आमच्या भागातून मेंढरांचे वाडे जातात तेव्हा त्यांच्यासोबतची तट्टं पाहावीत. अख्खा संसार एका तट्टाच्या पाठीवर असतो. वाघरीचं जाळं, भांडी, घोंगड्या, टोपलीत कोंबड्या, चालू न शकणारं कोकरू, आणि या सगळ्याच्या वर बांधून बसवलेलं एखादं मूल. ते झोपलेलं असतं बऱ्याचदा. ही बुटकी, काटक तट्टं बहुधा भीमथडीची. भीमेच्या खोऱ्यातली ही जात मराठ्यांच्या फौजांनी उत्तरेपर्यंत नेली. नंतर तिची आठवण पार पुसट झाली होती, आणि आता अलीकडे कुठे तिची स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली आहे. फौजा गेल्या, ही जात मेंढपाळांनी टिकवली. त्या पाठीवर झोपणाऱ्या मुलाला घोड्यावर बसायला कधी शिकलो हे आठवत नसणार. चालायला कधी शिकलो हे तरी आपल्यापैकी कुणाला आठवतं?

उदगीर आम्हाला जवळ. तिथे 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं, आणि तीच फौज पुढे पानिपताकडे गेली. किल्ला पाहायला गेलो की लोक तोफांबद्दल बोलतात, सरदारांबद्दल बोलतात. मला त्या हजारो घोड्यांना चंदी चारणारी पोरं आठवतात. त्यांची नावं कुठल्या बखरीत असणार? एवढ्या घोड्यांच्या मागे तितकीच पोरं असतील, आणि तोफ पहिल्यांदा उडाली तेव्हा कुणाच्या तरी मानेवर कुणाचा तरी तळहात असेल.

नांदेडला हजूर साहिबमध्ये गुरू गोविंदसिंगांच्या घोड्याच्या वंशातले मानले जाणारे घोडे आजही सांभाळले जातात. गुरूजी 1708 साली तिथे होते आणि गोदाकाठीच त्यांचं निर्वाण झालं. सणाच्या मिरवणुकीत हे घोडे सजून निघतात, त्यांच्यावर कुणी बसत नाही. तिकडे आषाढी वारीत माउलींचा अश्वही असाच. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून, शितोळे सरकारांकडून, दोन अश्व चालत आळंदीला येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली आहेत. रिंगणात हे दोघं धावतात तेव्हा चहूकडे टाळ-मृदंगांचा कल्लोळ असतो, आणि धाव संपली की टापांखालची माती कपाळाला लावायला माणसं झेपावतात. तो घोडा का बिथरत नाही, असं मला लहानपणी वाटायचं. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “त्याच्या पाठीवर कोण बसलंय ते त्याला ठाऊक आहे.” तेव्हा मला ते श्रद्धेचं उत्तर वाटलं होतं, आणि होतंही. पण आता त्यात घोड्यांबद्दलचं एक साधं सत्यही ऐकू येतं. पाठीवर कोण आहे आणि त्याच्या मनात काय आहे, हे घोड्याला ठाऊक असतंच. त्याला निवांत ठेवायचं तर आधी पाठीवरच्याने निवांत व्हायला हवं, निदान व्हायला लागायला हवं.

आणि इथे लहान मुलांचं काही वेगळंच घडतं. सात-आठ वर्षांपर्यंत लेकराने घाबरायचं आणि मोठ्यांनी त्याला जवळ घ्यायचं, असा घरात अलिखित नियम असतो. घोड्यावर बसलेलं मूल पहिल्यांदा अशा जागी येतं जिथे त्याच्याहून कितीतरी मोठं कुणीतरी त्याच्याकडे धीर मागत असतं. त्या क्षणी त्याच्याकडे पुरेसा धीर नसतो. पण मागितलं गेल्यामुळे ते कुठून तरी काढून देतं, आणि दिल्यावर त्याला कळतं की आपल्याजवळ तो होता. मग पुढच्या अवघड जागी घोडी त्याला तो परत देते. कुणी कुणाला आधी दिला, याचा हिशेब लागत नाही.

माझ्या भाचीची मुलगी पुण्यात शनिवार-रविवार घोडेस्वारी शिकते. तिथे सगळं निराळं. डोक्याला हेल्मेट, पायांत लांब बूट, वाळूचं आखलेलं मैदान, शिक्षक इंग्रजीतून सूचना देणारे. खांद्यापाशी साधारण 58 इंचांपर्यंतच्या जनावराला ते पोनी म्हणतात. त्यांच्या पोनीचा थाट आमच्या तट्टापेक्षा वेगळा असला तरी कान तसेच वळतात. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत आपल्या चमूने ड्रेसाजमध्ये सुवर्ण मिळवलं, घोडेस्वारीत 41 वर्षांनी. त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. तेव्हापासून तिच्या खोलीत त्या चौघांचं चित्र लावलेलं आहे. घोड्याला संथ, जवळजवळ अदृश्य इशाऱ्यांवर चालवणं हा त्या खेळाचा गाभा, आणि तिला तो दौडीपेक्षा जास्त आवडतो, याचं मला विशेष वाटतं.

मध्ये काही आठवडे ती गप्प होती. तिचं नेहमीचं पोनी आजारी पडलं आणि तिला दुसरं मिळालं, तरुण आणि चटकन बुजणारं. जमिनीवर आडव्या ठेवलेल्या दांड्यांवरून ते तिला नेईना. एकदा झटक्यात थांबलं आणि ती पुढे मानेवर गेली. पडली नाही, पण आईला म्हणाली, मला आता शनिवारी पोट दुखतं. भाचीने मला फोन केला, मामा, काय करू, बंद करू का तिचं? मी तिला म्हटलं, तिला मला फोन करू दे.

ती बोलली तेव्हा पडण्याबद्दल एक शब्द नाही. तिची तक्रार वेगळीच होती. “आबा, त्याला वाटतं मला काही येत नाही.” मी तिला माळेगावच्या मुलीची गोष्ट सांगितली, मफलर, करडं तट्टू, फुगा, सगळं. तिने विचारलं, ती काय बोलत होती त्याच्याशी? मला माहीत नव्हतं. काहीही बोलता येतं, मी म्हणालो, पाढेसुद्धा चालतील. तेवढ्यावर ती हसली आणि फोन ठेवला.

पुढचं मला भाचीकडून कळलं. त्या रविवारी मैदानात दांड्यांच्या शेजारी कुणीतरी निळी ताडपत्री पसरली होती, आदल्या रात्री पाऊस झाला म्हणून. पोनी तिथून हलेना. मुलगी खाली उतरली. शिक्षकांनी उतर म्हटलेलं नव्हतं, आणि ते काही बोलणार तोच थांबले. लगाम लांब धरून ती स्वतः ताडपत्रीवर जाऊन उभी राहिली, बुटांनी ती चुरचुर वाजवली, आणि पाढे म्हणू लागली. पोनीने बराच वेळ मान लांबवून ताडपत्री हुंगली. मग एक पाय ठेवला, काढून घेतला, पुन्हा ठेवला. ते ओलांडेपर्यंत तिचा सतराचा पाढा संपून अठराचा सुरू झाला होता, आणि अठराचा तिला नीट येत नाही.

त्या दिवशी ती दांड्यांवरून गेलीच नाही. वेळ संपली होती. तिचं जुनं पोनी आता बरं झालं आहे, पण तिने शिक्षकांना सांगितलं की मला हेच हवं, निदान दांड्या होईपर्यंत. या मार्गशीर्षात तिला शाळेला सुटी मिळाली तर ती चाकूरला येणार आहे आणि मला तिला माळेगावला न्यायचं आहे. तिने एकच विचारून ठेवलं आहे, तिथल्या मुलांना खूर साफ करताना मदत केली तर चालेल का. मी म्हटलं, ते तू त्यांनाच विचार.